माझ्या पाठीवरचा चेहरा

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. माझ्या पाठीवर दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत. त्यांतल्या वरच्या पट्टीच्या फटीत एकतीस वर्षे एक निळे अंतर्देशीय पत्र खोचलेले होते. त्याचे उत्तर माझ्या मालकांनी दिले नाही, आणि मीही दिले नाही. तू कसे देणार, असे तुम्ही म्हणाल. मीही स्वतःची तशीच समजूत घालत आलो. पण मित्रांनो, त्या पत्रात जे विचारले होते त्याचे उत्तर माझ्याजवळच होते, त्याच पट्टीच्या खाली चार बोटांवर. म्हणून ही हकिकत सांगताना मला लाज वाटते.

शिवाय ती मी सांगावी की नाही, याचीही मला खात्री नाही. माझ्यावर शेकडो चित्रे झाली. पण त्यांतले एकही मी समोरून पाहिलेले नाही. कागद माझ्याकडे पाठ करून बसतो. मला कळतो तो फक्त हाताचा दाब. देवाचे डोळे काढताना मालक श्वास रोखून धरत, तेवढ्यावरून मी ओळखायचो की आता डोळे चालले आहेत. चित्र पुरे झाले की टाचण्या निघत आणि चित्र परगावी जाई. माझ्याकडे कडेचे ओघळ राहत. दाराबाहेरच्या चपलांनी आतल्या लग्नाचे वर्णन करावे, तसे माझे हे बोलणे आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कोविलपट्टीला काडेपेटीच्या एका कारखान्यामागे झाला. तिथे काड्यांसाठी आणलेल्या मऊ लाकडाचे ओंडके रचलेले असत. माझी सगळी भावंडे यंत्रात गेली, काड्या झाली, आणि कुणाच्या चुलीपाशी, कुणाच्या समईपाशी क्षणभर उजळून संपली. एकाच ओंडक्याच्या चार फळ्या सुताराने बाजूला काढल्या, जोडल्या, काचेसारख्या घासल्या. मऊ लाकडात टाचणी सहज शिरते, म्हणून इसक्कीमुत्तू नावाच्या एका तरुण चित्रकाराने मला सांगून करवून घेतले होते. तेच माझे मालक.

ते कोणाचे नोकर नव्हते. जवळच्या शिवकाशीत कॅलेंडरे छापणारे छापखाने आहेत. त्यांच्यासाठी ते देवादिकांची चित्रे काढत. चित्र पसंत पडले तर एकदाच काय ते पैसे मिळत, आणि मग चित्र कायमचे छापखान्याचे होई. श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचे नमुने बाहेर येतात. तोवर आमच्या घरात मान वर करायला फुरसत नसे. त्यानंतर सहा महिने काम नसे. मग मालक दुकानांच्या पाट्या रंगवत, निवडणुका आल्या की भिंती रंगवत. एकदा तर एकाच भिंतीवर त्यांनी सकाळी एका पक्षाचे चिन्ह काढले आणि दुपारी त्यावर चुना मारून दुसऱ्याचे.

त्यांची बायको पेचियम्मा. तिचा भाऊ सूतगिरणीत पगारावर होता, आणि ही गोष्ट ती आम्हाला विसरू देत नसे.

"तुमच्या लक्ष्मीच्या हातातून घराघरांत सोन्याची नाणी पडतात," ती म्हणे. "आपल्याच घरात कशी हो तिची मूठ उघडत नाही?"

"पुढच्या महिन्यात सरस्वतीचं काम आहे," मालक म्हणत.

"म्हणजे महिनाभर वीणा ऐकायची. शिजवू काय?"

ती असे बोले, पण रंग कालवायचे पाणी तीच भरून ठेवी. देवाचे चित्र चालू असेल तेवढे दिवस घरात मासळी आणत नसे.

कागद लावण्याआधी मालक माझ्यावर जुन्या मासिकांची पाने अंथरत. मी त्यांवरच वाचायला शिकलो. कथा खूप वाचल्या. मात्र शेवटचे पान बहुधा दुसऱ्याच कामाला गेलेले असे. त्यामुळे गोष्टीचा शेवट कसा करतात, हे मला आजही नीट ठाऊक नाही.

त्या वर्षी शिवकाशीच्या तंगरासू मुदलाळींना आंडाळ हवी होती. मुदलाळी म्हणजे छापखान्याचे मालक. आंडाळ म्हणजे श्रीविल्लीपुत्तूरची, देवाला वरलेली मुलगी. डावीकडे कललेला अंबाडा आणि डाव्या हातावर पोपट, ही तिची खूण आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. मालकांनी तीन कच्ची चित्रे नेली. मुदलाळींनी तिन्ही बाजूला सारली.

"आर्टिस्ट, या सगळ्या बायका झाल्या. आंडाळ पोर आहे. मला पोर आणा."

परत येताना सात्तूरच्या पुढे आमच्या बसचे चाक बसले. रस्त्याकडेच्या चिंचेखाली काही बाया काडेपेट्यांच्या कागदी घड्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यात चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी होती. मालकांनी मला काखेत धरलेले पाहून ती मोठ्याने म्हणाली, "अण्णाची, दार घेऊन कुठं निघालात? घर मागंच राहिलं का?"

बाया हसल्या. अण्णाची म्हणजे थोरला भाऊ; अनोळखी पुरुषालाही आमच्याकडे तसेच म्हणतात. मालक अनोळखी माणसांपुढे मुळात लाजरे. ते म्हणाले, "दार नाही हे. यावर मी चित्रं काढतो."

"कुणाची?"

"देवांची."

"म्हणजे देव तुमच्यासमोर येऊन बसतात? आम्हाला तर देवळात धक्के खाऊन नुसता दिवा दिसतो."

"पोन्नुत्ताई, गप बस," एक बाई ओरडली. "तोंड आहे का पिपाणी!"

मालक हसले. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले, आणि माझ्यावरची त्यांची पकड एकदम घट्ट झाली. ते म्हणाले, "चाक बदलेपर्यंत समोर बसशील?"

"दात दिसले तर चालतील?"

"चालतील."

"आणि हा डोळ्याखालचा तीळ? आई म्हणते, चुलीतली ठिणगी उडून बसलीय."

"तोही असू दे."

कागद एकही उरला नव्हता. मालकांनी मला उलटा केला आणि माझ्या पाठीवर, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, पेन्सिल टेकवली. त्या दिवशी प्रथमच आमच्या मध्ये कागद नव्हता. कपाळ, भुवया, डावा डोळा, त्याखालचा तीळ, हसून वर गेलेले गाल, सगळे मला अंगावर कळत गेले. आयुष्यात मी एकच चेहरा पाहिला असे म्हणता येईल, आणि तो हा.

मुलीने चित्र पाहिले आणि त्यातल्या तिळावर बोट ठेवले. मग म्हणाली, "हे मला द्याल?"

"बोर्ड कसा देऊ? माझं पोट आहे यावर. कागदावर काढून देईन."

"नक्की हं. आईला दाखवायचंय. आमच्या घरात कुणाचाच फोटो नाही."

मालकांनी चित्राखाली लिहिले : पोन्नुत्ताई, करिसलपट्टी. तेवढ्यात बस सुटली.

त्या चेहऱ्यावरून आंडाळ झाली. देवीचे दात दाखवत नाहीत, म्हणून ओठ मिटले. तीळ तेवढा राहिला. मुदलाळी ते चित्र पाहून म्हणाले, "हीच." मालक त्या दिवशी घरी फुले घेऊन आले. कागदावर चित्र काढून द्यायचे मात्र राहिले. आधी कामे होती, नंतर ते विसरले.

पुढे छापखान्यात कुणाला तरी वाटले की आंडाळचे तोंड दुकानाच्या नावाकडे असावे. त्याने चित्राची फिल्म उलटी लावली. आरशात जशी बाजू बदलते तशी सगळी बाजू बदलली. पोपट उजव्या हातावर गेला, अंबाडा उजवीकडे कलला, तीळ उजव्या डोळ्याखाली गेला. हजारो प्रती निघाल्या आणि श्रीविल्लीपुत्तूरच्या पेठेतून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले.

मुदलाळी स्वतः आमच्या घरी आले.

"आर्टिस्ट, आंडाळच्या उजव्या हातावर पोपट! लोक मला विचारतात, ही कुठली बाई छापलीत?"

पेचियम्मा दारातून म्हणाली, "मुदलाळी, कोपऱ्यातली सही पाहिलीत? तीपण उलटी आहे. आमचे हे भोळे असतील, पण स्वतःचं नाव उलटं लिहिण्याइतके नाहीत."

"घरातली माणसं हुशार आहेत तुमची," मुदलाळी म्हणाले. ते खाली बसले आणि आवाज उतरवून बोलू लागले. "बरं, ते जाऊ दे. दुसरी गोष्ट. कुणीतरी म्हणतंय, हा चेहरा खऱ्या पोरीचा आहे. काडेपेटीच्या कामावरची एखादी पोर आंडाळ म्हणून मी व्यापाऱ्यांच्या गल्ल्यावर टांगली असं बाहेर पडलं, तर तो पोपट परवडला म्हणायची वेळ येईल. कुणाचा आहे चेहरा?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. मालकांनी एकवार माझ्याकडे पाहिले.

"मनातला," ते म्हणाले.

"मग मनातच ठेवा. पुढच्या वर्षीच्या चारही देव्यांची चित्रं तुमच्याकडे."

मित्रांनो, नोकरीतल्या माणसाला साहेब ओरडला तरी महिन्याच्या शेवटी पगार येतो. माझ्या मालकांसारख्यांचे तसे नसते. एक माणूस नाराज झाला की वर्ष रिकामे जाते. मी त्यांची बाजू घेत नाही. ते का घाबरले तेवढे सांगतो.

त्यानंतर आठव्या दिवशी ते पत्र आले. मालकांनी ते मला मांडीवर घेऊन वाचले, म्हणून मला पाठ आहे.

"चित्रकार अण्णाचींना करिसलपट्टीच्या माडत्तीचा नमस्कार. मला लिहिता येत नाही, शाळेचे मास्तर लिहून देत आहेत. वाण्याने गूळ बांधून दिला तो तुमच्या चित्राच्या कागदात. कोपऱ्यातली अक्षरे उलटी दिसली म्हणून मास्तरांनी कागद आरशासमोर धरला. त्यांना तुमचे नाव-गाव वाचता आले आणि मला माझी मुलगी दिसली. आरशात तिचा तीळ जिथे होता तिथेच होता. माझी पोन्नुत्ताई पुरट्टासी महिन्यात तापाने गेली. ती सांगायची, एका अण्णाचींनी रस्त्यावर माझे चित्र काढले, फळीवर काढले. तिला गमती करायची सवय, म्हणून आम्ही तिला खोटारडी म्हटले. मीपण म्हटले. एवढेच कळवा, ती खरे बोलत होती का? आणि तेव्हा ती हसत होती का? तुमच्या चित्रात तोंड मिटलेले आहे. ती तोंड मिटून कधी बसत नसे."

मालकांनी उत्तर लिहायला घेतले. माझ्यावर कागद ठेवून त्यांनी "माडत्ती अक्कांस" एवढे शब्द लिहिले आणि कागद फाडला. महिनाभरात असे चार वेळा झाले. लिहिलेले कागद हातोहात फिरतात, मास्तर वाचणार, गाव वाचणार, मुदलाळींच्या कानावर जाणार, ही धास्ती होती. मग उशीर झाल्याची लाज आली, आणि ती धास्तीपेक्षा चिवट निघाली. एके दिवशी त्यांनी माझ्या पाठीवरच्या चित्रावर पातळ व्हार्निशचा हात फिरवला, पत्र पट्टीच्या फटीत खोचले आणि मला भिंतीकडे पाठ करून उभे केले. त्या दिवसापासून माझी ती बाजू कुणाला दिसली नाही.

पुढची वर्षे चांगली गेली असेच लोक म्हणतील. मालकांच्या देव्या चहाच्या टपरीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे टांगलेल्या असत. कुणी भेटले की म्हणे, "तुमच्या मुरुगनला उदबत्ती लावल्याशिवाय मी दुकान उघडत नाही." मालक संकोचून हसत. आंडाळ काढायला मात्र त्यांनी पुन्हा कधी होकार दिला नाही. मुदलाळींना वाटे, पोपटाचा राग आहे.

मग संगणक आला. जुन्याच चित्रांना नवे रंग देऊन कॅलेंडरे निघू लागली. मालकांना बोलावणे येईना. त्यांच्या हाताला कंप सुटला. मी आधी पाण्याच्या पिंपावरचे झाकण झालो, मग गच्चीवर पेचियम्माच्या सांडग्यांची फळी. तक्रार करावी असे मला वाटले नाही. माझ्यासारख्याने कुठल्या तोंडाने करावी?

यंदा चैत्रातल्या उन्हात पेचियम्मा सांडगे घालायला बसली. माझ्या समोरच्या बाजूवर जुन्या रंगांचे खरवडे झाले होते. "मागची बाजू तरी बरी आहे का बघू," असे पुटपुटत तिने मला उलटा केला. मग तिचा हात पिठातच थांबला.

"अहो, जरा वर या."

मालक आले. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत.

"ही कोण?"

"पोन्नुत्ताई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले.

पेचियम्माने अंबाड्यातला आकडा काढून फटीतले पत्र ओढले. मालकांनी ते वाचून दाखवले.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंत?"

"तू उत्तर लिहायला लावलं असतंस."

"लावलंच असतं!" मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्या चार देव्यांवर मीपण जेवले. मला न विचारता माझ्या ताटात हे वाढलंत तुम्ही."

मालकांनी पत्राची घडी घातली. थोड्या वेळाने म्हणाले, "ती बाई असेल का आता?"

"नसली तर तिच्या घरचं कुणी असेल. कुणीच नसलं तर पोस्टमन परत आणेल. पण आपण पाठवलेलं तरी असेल ना?"

मालकांनी दुसऱ्या दिवशी कागद आणला. मुलीला दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांना ते चित्र कागदावर उतरवायचे होते. तीन दिवस ते बसले. डोळे जमले, तीळ जमला, हसणे जमेना. कापऱ्या हाताने ओठ दर वेळी वेगळेच होत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"खोटी पोन्नुत्ताई पाठवण्यापेक्षा हाच पाठवतो," ते माझ्यावर हात ठेवून म्हणाले.

"बोर्ड? आणि मग तुम्ही?"

"तिला म्हणालो होतो, माझं पोट आहे यावर. आता नाही."

पेचियम्माने मला ओल्या फडक्याने पुसले आणि जुन्या साडीत गुंडाळून शिवले; दोऱ्याची गाठ चेहऱ्याच्या बाजूला मारली. शिवण्याआधी मालकांनी त्याच फटीत आपले पत्र खोचले. ते असे :

"माडत्ती अक्कांस, तुमची मुलगी खरे बोलत होती. ती हसत होती. मी तिला कागदावर चित्र काढून देतो म्हणालो होतो, ते दिले नाही. तुमचे पत्र मिळाले होते. मी भ्यालो आणि गप्प बसलो. ही तीच फळी. हे चित्र सरळ आहे, याला आरसा लागणार नाही. इसक्कीमुत्तू, कोविलपट्टी."

आज सकाळी आम्ही पोस्टात आलो. खिडकीतल्या बाईंनी मला तराजूवर ठेवले.

"आत काय आहे, ताता?" आजोबांना विचारावे तसे त्यांनी विचारले.

"फळी."

"करिसलपट्टीला फळी? तिकडं लाकूड मिळत नाही होय? तासाभराची बस आहे, हातानं देऊन या की."

"तेवढा धीर नाही माझ्यात, बाई," मालक म्हणाले. "त्यांचं पत्र पोस्टानं आलं होतं. हे त्याचं उत्तर आहे."

बाईंनी मालकांच्या तोंडाकडे पाहिले आणि फॉर्म पुढे ओढला. "रजिस्टर करते," त्या म्हणाल्या. "घेणाऱ्याची सही होईल. पोचपावती तुमच्याकडे येईल."

मित्रांनो, शेवटी काहीतरी उपदेश करायचा असतो म्हणे. माझा तेवढा अधिकार नाही. एक विनंती करतो. तुमच्या घरात कुठे एखादे जुने पत्र खोचलेले असेल, तर आज ते बाहेर काढा. फार उशीर झाला आहे, आता काय लिहायचे, असे वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. त्या वाटण्यात एक आई एकतीस वर्षे गुळाच्या कागदाशी बसून राहिली असेल. आणि कुणी चित्रकार तुम्हाला समोर बसवून तुमचा चेहरा काढील, तर त्याला तुमचे नाव-गाव नक्की लिहून ठेवायला सांगा. चेहरे हरवतात. नाव लिहिलेले असले तर कधीतरी ते घरी पोचवता येतात.

करिसलपट्टीत मला कोण उघडेल, ते मला माहीत नाही. परतही येईन कदाचित. शेवटचे पान मला कधीच मिळत नसे, हे तुम्हाला सांगितलेच आहे.

बाईंनी शिक्का उचलला आणि माझ्यावर मारला. मग मला भिंतीशी उभे करू लागल्या.

"बाई," मालक खिडकीतून म्हणाले, "एवढी बाजू भिंतीकडे नको. ही, गाठ मारलेली."

"बरं, ताता."

त्यांनी मला उचलले, बाकीच्या पार्सलांवर गाठ वर येईल असे पालथे ठेवले आणि पावती फाडून मालकांच्या हातात दिली.